ताटाची डावी बाजू

आमच्या घरात काहीतरी शिजतंय, हा संशय सासऱ्यांना आला तो एका ताटावरून. ताट जेवायचं नव्हतं. आमच्या नेरूळच्या हॉलच्या फरशीवर, सोफा भिंतीला लावून आणि टीपॉय बाल्कनीत हद्दपार करून, मी ते खडूनं काढलेलं होतं. चांगलं ऐसपैस, आत चौघं मांडी घालून बसतील एवढं.

खुलासा करते, नाहीतर तुम्हालाही संशय यायचा. माझी दोन मुलं, मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा नऊ, शाळेत जात नाहीत. घरीच शिकतात. का, ही कहाणी मी सोसायटीच्या लिफ्टमध्ये इतक्या वेळा सांगितली आहे की आता लिफ्टच ती सांगू शकेल. सोसायटीचं मत असं पडलं, की शाळेनंच आमच्या मुलांना काढलं. मी ते खोडून काढत नाही. गूढ बाई म्हणून मिरवायला मला आवडतं.

गणित आणि विज्ञान नवऱ्याकडे, कारण तो महाप्याच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. भाषा आणि इतिहास माझ्याकडे, कारण मी हौशी नाटकांत कामं केली आहेत. मला आवाज चढवता येतो आणि मरता फार छान येतं. इतिहास शिकवायला आणखी काय लागतं? कुकरची रिंग डोक्यावर चढवली की मी राजा. ओढणी पांघरली की राणी. सासऱ्यांची काठी उचलली की फौज, पण ती ते बघत नसतील तेव्हाच.

ताटाची युक्तीही माझीच. ताट वाढताना डावं-उजवं सांभाळायला मला आईनं शिकवलं होतं. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं डावीकडे. भाज्या उजवीकडे. मधे भात. मी ठरवून टाकलं, की भात म्हणजे आपण, उजवी बाजू म्हणजे सगळं जग, आणि डावीकडे इंग्लंड. एकाच काळात कुठे काय चाललं होतं ते ज्याच्या त्याच्या जागी वाढायचं. इंग्लंडचे सरदार नदीकाठच्या कुरणात आपल्याच राजाला घेरून सनदेवर शिक्का मारायला लावतायत, ही चटणी. तेव्हाच मंगोल घोडेस्वार चीनमधली राजधानी लुटतायत, ही रस्साभाजी. आणि मधे भातावर देवगिरीचे यादव. मुलं त्या त्या जागी उभी राहून आरडाओरडा करायची आणि खालच्या मजल्यावरच्या काकू झाडूच्या दांड्यानं आपलं छत ठोकायच्या. तोफा म्हणून तो आवाज आम्ही वापरून घ्यायचो.

"पण मम्मी, तेव्हा करावे गावात काय चाललं होतं?" मुलानं एकदा विचारलं.

करावे म्हणजे आमचंच गाव, इथून पलीकडेच, खाडीच्या अंगाला. मी भातावर उभी राहून विचार करत होते, तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतल्या पेपरमागून उत्तर आलं.

"मासं मारीत व्हते. राजा कोनाचा बी असूद्या, भरती तिच्या टायमालाच येते."

पेपरमागे माझे सासरे. मुलांचे आबा. तरुणपणी खाडीत जाळी टाकलेली, भातशेती केलेली, आणि नवं शहर वसवणारे साहेब नकाशा घेऊन गावात आले तेव्हा हे बघायला पुढे उभे होते. त्या नकाशात त्यांचं शेत, खळं आणि शेतावरची झोपडी यांच्या जागी पांढरा कागद होता. इथं कोणी नाही, असा त्याचा अर्थ. आज तिथं सेक्टर आहे, चांगला रुंद फूटपाथ आहे, आणि सासरे त्यावरून चालताना अजून बांध ओलांडल्यासारखा एका ठिकाणी पाय उचलतात.

स्वभाव त्यानंतर संशयी झाला की आधीपासूनच होता, यावर घरात दोन मतं आहेत. दूध, डॉक्टरांचं निदान, सुटे पैसे, पावसाचा अंदाज, सगळं ते उजेडात धरून बघतात. बँकेच्या लॉकरवर विश्वास नाही. म्हणून घरातले महत्त्वाचे कागद, आमचे पासपोर्ट आणि मुलांचे जन्मदाखलेसुद्धा, त्यांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. किल्ली करगोट्याला बांधलेली. आंघोळीलाही ती बरोबर जाते.

तर एका सकाळी या माणसानं पेपर खाली केला, चष्मा कपाळावर चढवला आणि फरशीकडे बघत म्हटलं, "सूनबाय, तुजा ताट बिघडलाय."

"काय झालं बाबा?"

"डावी बाजू वाढत चाललीय. पयलं लोनच्याएवढा इंग्लंड व्हता. आता बग. भात सरकला भिंतीला. लोनचं एवढं कोन खातं गो?"

मी खाली बघितलं. बरोबर होतं. सहा बायका करणाऱ्या राजाला मी आठवडाभर चघळलं होतं. त्याच्या मुलीला त्याहून जास्त. इंग्लंडचं आरमार, इंग्लंडची संसद, इंग्लंडमधले धर्मावरचे तंटे, सगळं डावीकडे रचून ठेवलेलं, आणि उजवीकडे अख्ख्या आफ्रिकेला वाटाण्याएवढी जागा. आपला भात तर संपून हातच धुवायचे बाकी होते.

"या पोर्शनमध्ये जरा जास्त आहे," मी म्हणाले.

"असंल असंल," सासरे म्हणाले, आणि पेपर वर गेला. पण उलटा. पेपर उलटा धरणारा माणूस वाचत नसतो, ऐकत असतो. नाटकवाल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

आता खरं सांगते. नवऱ्याची कंपनी त्याला इंग्लंडला पाठवायच्या गोष्टी करत होती. उत्तरेकडचं एक गाव, भाड्याचं घर, मुलांना तिथली शाळा. तिथं गेल्यावर आपली मुलं इतिहासाच्या तासाला बावळटासारखी तोंडं करून बसू नयेत, म्हणून मी डावी बाजू वाढत होते. नक्की काहीच नव्हतं. आणि नवऱ्याचा हुकूम होता, नक्की होईपर्यंत बाबांना कळता कामा नये.

"आणि नक्की झाल्यावर?" मी विचारलं होतं.

"तेव्हा बघू."

"बघू म्हणजे कोण बघणार?"

"तू. नाटकात तूच काम करतेस ना?"

सासूबाई जाऊन काही वर्षं झालेली. नवरा एकुलता एक. आम्ही चौघं विमानात बसलो की या घरात उरणार एक खुर्ची, एक पेपर आणि तो वाचल्याचं नाटक करायला समोर प्रेक्षक नसलेला एक माणूस. ते यायला तयार होणार नाहीत, हे नवऱ्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. विचारलं मात्र कोणीच नव्हतं. मीही नाही.

त्या दिवसापासून आमचं घर म्हणजे हेरखातं झालं. मला वाटायचं सासऱ्यांना कळलंय, त्यांना वाटायचं मला कळलंय की त्यांना कळलंय, आणि आम्ही दोघं एकमेकांना चहा देताना इतके गोड हसायचो की मुलीनं विचारलं, "तुमचं भांडण झालंय का?"

त्यांनी खुर्ची फिरवली. आधी ती खाडीकडे तोंड करून होती, आता हॉलकडे. मग सुरू झाली लाचलुचपत. सासरे करावेहून चिंबोऱ्या घेऊन आले, टपोऱ्या, नांग्या बांधलेल्या, आणि नातवाला घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसले. माझा मुलगा चिंबोरीसाठी देश विकेल. मी दाराआड कान लावून उभी.

"काय रं, मम्मी आजकाल लय इंग्लंड इंग्लंड करते."

"हो आबा. मला नांगी."

"देतो. कशाला करते?"

"हिस्टरी आहे ती. मोठी नांगी."

"मोटी बी देतो. तुमी कुठं चाललाव काय?"

मी दाराआडून अशी काही खोकले की क्षयाच्या रुग्णाला लाज वाटावी. मुलानं नांगी तोंडात कोंबली आणि ती चोखत गप्प बसला. सासऱ्यांनी दाराकडे बघितलं. "सूनबाय, घसा सांभाल. थंडी पडलीय का कुठं?"

थंडी! हा शब्द त्यांनी किती सावकाश उच्चारला म्हणून सांगू. कारण आदल्याच दिवशी पार्सल आलं होतं. भर मार्चमध्ये, अंगाची लाही होत असताना, चार जाडजूड जॅकेटं आणि आत घालायचे लोकरीचे कपडे. पार्सल घेतलं सासऱ्यांनीच. खोक्याला एका कोपऱ्यात बोटाएवढं भोक होतं. कुरिअरवाल्यानं पाडलं असेल, असं मी अजून धरून चालते.

"महाबळेश्वरला जाऊ म्हणतोय सुट्टीत," मी म्हणाले.

"महाबळेश्वर," सासरे म्हणाले. "आनि तिथं बर्फ काय घरून घेऊन जानार काय?"

मला आता प्रत्येकाचा संशय यायला लागला. मुलाचा तर होताच, तो चिंबोरीला विकला गेलेला. मुलीचाही, कारण ती फार शांत झाली होती. संध्याकाळी आबांशेजारी नुसती जाऊन बसायची आणि मी आले की उठायची. नवऱ्याचा यासाठी की तो वडिलांच्या नजरेला नजर देत नव्हता. जेवताना ताटाकडे असा बघायचा की जणू तिथं पदवीची परीक्षा आहे. त्यात एक दिवस कंपनीचं पत्र आलं. नक्की झालं. आता व्हिसासाठी पासपोर्ट हवे होते, दाखले हवे होते. म्हणजे कपाट. म्हणजे किल्ली. म्हणजे करगोटा.

"तू माग," नवरा म्हणाला.

"मी? सासऱ्यांच्या करगोट्याची किल्ली?"

"मग मी शनिवारी मागतो." शनिवार आला, आणि नवऱ्याला ऑफिसातून अचानक बोलावणं आलं. अचानक! मी त्याचा फोन बघितला नाही, पण तो वाजलाच नव्हता हे मी पैजेवर सांगते.

त्या शनिवारी इतिहासाच्या तासाला आमचं इंग्लंड नेमकं मुंबईत पोचत होतं. हा माझा लाडका धडा. इंग्लंडच्या राजाचं लग्न पोर्तुगालच्या राजकन्येशी ठरतं, आणि मुलीकडचे आंदणात देतात काय, तर मुंबई. भांडीकुंडी, दागदागिने, वर एक मुंबई. त्या काळी उजवीकडे चीनच्या गादीवर लहान पोर बसलेलं, आग्र्याला बाप मुलाच्या कैदेत, आणि भातावर महाराज पुण्याच्या लाल महालात शिरून खानाची बोटं तोडायच्या बेतात. आणि गंमत अशी की मुंबई म्हणजे नक्की काय, किती, कुठपासून कुठवर, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. लंडनच्या एका बड्या मंत्र्याला म्हणे ती ब्राझीलच्या शेजारी वाटत होती. इंग्रज म्हणाले, आंदणात ठाणंबिणं सगळं येतं, नकाशात होतं. नकाशा दाखवा म्हटलं तर तो गहाळ. मग इथल्या पोर्तुगीज गव्हर्नरानं जे पाय रोवले, ते काही केल्या ताबा देईना. आज हा कागद बरोबर नाही, उद्या तो नाही. इंग्रजांचा सरदार ताब्याची वाट बघत बघतच मेला.

मुलगी ओढणी घेऊन राजकन्या झाली आणि डावी बाजू आणि भात यांच्या मधोमध, समुद्रात उभी राहिली. मुलगा इंग्रज कप्तान, डोक्यावर चाळणी. मी गव्हर्नर होणार, म्हणून कुकरची रिंग उचलली.

"मुंबई द्या!" मुलगा गरजला.

"कोन मागतंय?"

पेपर खाली आला होता. सासरे खुर्चीतून उठले, धोतर सावरलं, माझ्या हातातली रिंग काढून घेतली आणि डोक्यावर ठेवली. मी बाजूला झाले. रंगमंचावर आपल्याहून मोठा नट आला की बाजूला व्हायचं असतं.

"मी कप्तान. आमच्या राजाला लग्नात मिळालीय."

"कागद?"

मुलानं वर्तमानपत्राची पुरवणी पुढे केली. सासऱ्यांनी ती उजेडात धरली, पालथी केली, हुंगली.

"ही झेरॉक्स हाय. वरिजनल आना."

"ओरिजिनल राजाकडे आहे."

"मग राजाला घेऊन या. दोन फोटो. आनि सातबारा?"

"सातबारा काय असतो?"

"सातबारा नाय आनि मुंबई मागाया आला! उद्या या. साहेब जेवाया गेलेत."

"पण साहेब तुम्हीच आहात ना?"

"म्हनून तर सांगतो, जेवाया गेलेत."

मी हसून हसून भातावर बसले. आपल्या जमिनीच्या कामासाठी या माणसानं टेबलासमोर उभं राहून जे जे ऐकून घेतलं होतं, ते सगळं आज तो टेबलाच्या पलीकडून बोलत होता, आणि काय मजेत! मुलगाही पेटला. उद्या आला, परवा आला, चाळणी काढून लाच म्हणून देऊ केली. गव्हर्नर ढिम्म.

मग गव्हर्नर राजकन्येकडे वळला.

"आनि ही पोरगी? हिला इचारलं काय कुनी?"

धड्यात हे नव्हतं. राजकन्येला कोणी विचारलेलं नसतं. मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

"बोल गो. मम्मीकडं नको बगू. कनच्या गावाला चाललीस?"

"इंग्लंडला."

"कवा?"

इतिहासात उत्तर सोपं होतं. लग्नाच्या साली. तिनं ते चांगलं पाठ केलं होतं. तिनं ओढणी डोक्यावरून खाली घेतली.

"ऑगस्टमध्ये, आबा. पप्पांचं नक्की झालंय."

"ताई!" मुलगा ओरडला. "सांगायचं नव्हतं! मी चिंबोरी खाऊनपण नाही सांगितलं!"

खालच्या काकूंनी नेमकी तेव्हाच तोफ डागली. छत दोनदा वाजलं आणि थांबलं. कोणी हसलं नाही.

सासरे रिंग डोक्यावर तशीच ठेवून उभे. माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे ते स्वेटर महाबळेश्वरचं नव्हतं."

"नाही बाबा."

"मला वाटलंच. रंग चांगला हाय."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला माहीत असलेले सगळे संवाद एकदम तोंडाशी आले आणि एकही कामाचा निघेना. त्यांनी हात वर केला.

"थांब. गव्हर्नर अजून उटला नाय. कुठं चाललाव त्याचा नकाशा दाखव."

नकाशा फोनवर होता, त्या भाड्याच्या घराचा आराखडा, नवऱ्यानं पाठवलेला. पण फोनवरचं बोटभर चित्र सासऱ्यांच्या डोळ्यांना कुठलं दिसायला! मी खडू घेतला, डाव्या बाजूचं अख्खं इंग्लंड ओल्या फडक्यानं पुसलं आणि तिथं ते घर काढलं. खाली हॉल, स्वयंपाकघर, जिना. वरच्या खोल्या शेजारी काढल्या. सासरे काठीचं टोक टेकवत एकेका चौकोनावर थांबत गेले.

"ही कोनाची?"

"आमची."

"ही?"

"मुलांची."

"जिन्याखाली काय?"

"बूट ठेवायची जागा."

"बुटांना जागा हाय," सासरे म्हणाले. काठी फिरून पुन्हा दाराशी आली. "गव्हर्नरची खोली कुठाय?"

माझ्या हातात खडू होता आणि घरात खोली नव्हती.

"तुम्ही याल, बाबा? आम्हाला वाटलं..."

"मी कशाला येतोय? मला काय इथलं सोडून ती थंडी खायाची हाय? इथं माजी खुर्ची हाय, खाडी हाय, चिंबोऱ्यावाला मला फसवतो त्याच्यावर लक्ष कोन ठेवनार?" त्यांनी काठी फरशीवर आपटली. "येनार नाय मी. पन नकाशात खोली पायजे. नकाशात नसलं का मागून म्हनतात, इथं कोन ऱ्हातच नव्हतं."

मी हॉलची एक भिंत पुसली. मुलगी म्हणाली, "अजून मोठी." तिनं माझ्या हातातून खडू घेतला आणि आमच्या बेडरूमपेक्षा मोठी खोली काढली, तिला खिडकी, खिडकीत खुर्ची. मुलानं कोपऱ्यात चिंबोरी काढली. सासऱ्यांनी चप्पल बाहेर काढून आत पाऊल टाकलं, खऱ्या खुर्चीला ओढून तिथं आणलं, बसले, आणि पेपर उघडला. सुलटा.

संध्याकाळी नवरा आला. पाय न वाजवता आला, म्हणजे गुन्हेगारच. फरशीवरच्या रेघा त्याला दिसल्या नाहीत आणि तो हॉलमधून सरळ चालत निघाला.

"ए," पेपरमागून आवाज आला, "माज्या खोलीतून चाललायस."

नवरा जागच्या जागी थिजला. त्यानं पायाखाली बघितलं, मग वडिलांकडे, त्यांच्या डोक्यावर अजून असलेल्या कुकरच्या रिंगेकडे, मग माझ्याकडे. मी काही मदत केली नाही. नुसतं बोटानं दाखवलं, की दार तिकडे आहे. मुलीनं खडूनं काढलेलं, कडीसकट.

तो मागे सरकला. बूट काढले. सहा फुटी माणूस, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, खडूच्या दारासमोर उभा राहिला. मुलं बघत होती. त्यानं हवेत टकटक केलं.

"कोन हाय?"

"मी, बाबा."

"काय काम काडलंस?"

नवऱ्यानं घसा साफ केला. "बाबा, तुम्हाला एक विचारायचं होतं."

पेपर हळूहळू खाली आला. करगोट्याची किल्ली धोतरावरून बाहेर काढून मांडीवर ठेवलेली होती. सासऱ्यांनी मुलाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, तसंच जसं ते दुधाची पिशवी न्याहाळतात.

"इचारायला आलाय," ते नातवंडांना म्हणाले. "आत ये. कागद वरिजनल आनलास काय?"